सलूनवाला ब्लेड बदलतो, मासा कोण बदलणार?

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या सावेडीत आनंद मेळा लागला होता. नेहमीसारखाच. आकाशपाळणा, ब्रेकडान्स, पापड-लोणच्याचे स्टॉल, 'कोणतीही वस्तू वीस रुपये', आणि स्पीकरवर एकच गाणं चौथ्यांदा. घरचे सगळे गेलो होतो, आईसकट. आई सत्तरीच्या पुढची, शुगर जुनी. पायाला मुंग्या येतात म्हणते, कधी कधी चप्पल पायातून निघाली तरी तिला कळत नाही.

भेळेच्या स्टॉलच्या पलीकडं एक काचेची लांबट टाकी. वर निळा लाईट, मागं फ्लेक्स, त्यावर 'डॉक्टर फिश स्पा, १५ मिनिटं १०० रुपये'. चार जण बाकड्यावर बसून पाय पाण्यात सोडून खिदळत होते. बोटाएवढे काळपट मासे त्यांच्या घोट्यांना लगडलेले. पोरं काचेला नाक लावून बघत होती.

आई म्हणाली, "आरं, बसू का मी? टाचा लय फुटल्यात."

खरं सांगतो, माझा हात खिशाकडं गेला होता. शंभर रुपयांत आई खूश होत असेल तर कोण नाही म्हणेल? तेवढ्यात एक गृहस्थ रिकाम्या जागेवर बसले. मोजा काढला. अंगठ्याला कापूस आणि चिकटपट्टी. त्यांनी ती पट्टी स्वतःच्या हातानं सोलली, बाकड्याखाली टाकली आणि पाय टाकीत सोडला. मासे सगळ्यात आधी त्या अंगठ्यावरच गोळा झाले.

मी आईला म्हणलं, "आई, नको. घरी कोमट पाण्यात पाय धुऊ, खोबरेल लावू." ती थोडी हिरमुसली.

टाकीवाला विशीतला पोरगा होता, बाहेरच्या राज्यातला. बोलायला चांगला. पाणी कधी बदलतोस विचारलं तर म्हणाला, फिल्टर चालू असतो दादा. जखमवाल्याला का बसवलं विचारलं तर म्हणाला, मासाच बरी करतो ना जखम, म्हणून तर डॉक्टर फिश. तो खोटं बोलत नव्हता, त्याला तसंच सांगितलेलं होतं. रोजंदारीवरचं पोरगं ते. माझा राग त्याच्यावर नाही, हे आधीच सांगतो, कारण मागं एकदा याच विषयावर चार ओळींची बातमी लावली तेव्हा दोन फोन आले होते की गरिबाच्या पोटावर कशाला उठता.

आता मूळ प्रकार काय आहे ते बघू.

तुर्कस्तानात सिवास प्रांतात कांगल नावाचं गाव आहे. तिथं गरम पाण्याचे झरे आहेत, पाणी साधारण ३५ अंशांच्या आसपास. त्यात 'गॅरा रुफा' जातीचे छोटे मासे राहतात. अशा कोमट झऱ्यात माशाला खायला फारसं काही मिळत नाही, म्हणून तो पाण्यात उतरलेल्या माणसाच्या अंगावरची मेलेली कातडी खरवडून खातो. त्याला दात नसतात. सोरायसिसचे रुग्ण तिथं वर्षानुवर्षं जातात. ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी २००६ साली अशा ६७ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला आणि बऱ्याच जणांना चांगला फरक पडल्याचं नोंदवलं. पण त्या रुग्णांना माशांबरोबर अतिनील किरणांचे उपचारही दिले होते आणि सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालं होतं. म्हणजे विषय अगदीच थापेबाजीचा नाही, मुळाशी काहीतरी आहे. पण ते झऱ्याच्या वाहत्या पाण्यात, वैद्यकीय देखरेखीत आहे. भेळेच्या स्टॉलशेजारच्या साठवलेल्या पाण्यात ते आपोआप येत नाही.

दुसरी गोष्ट, टाकीत मासा तोच असतो का? गॅरा रुफा महाग पडतो. त्याच्या जागी 'चिनचिन' म्हणून दुसरा, तिलापियाच्या कुळातला मासा खपवला जातो, अशी नोंद अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं, म्हणजे सीडीसीनं करून ठेवली आहे. हा मासा मोठा होतो तसे त्याला दात येतात आणि तो रक्त काढू शकतो. तिलापिया म्हणजे आपल्याकडची चिलापी. कर्जत, भिगवणकडच्या माणसाला चिलापी काय चीज आहे ते सांगायला नको. आपल्या मेळ्यातला मासा कोणता होता, हे त्या पोरालाही माहीत नव्हतं. "चायनाचा आहे," एवढंच.

सीडीसीचा मुख्य मुद्दा मात्र वेगळाच आहे आणि तो मला सगळ्यात पटला. टाकीत मासे असताना दोन गिऱ्हाइकांच्या मधे टाकी नीट निर्जंतुक करता येत नाही, कारण औषध टाकलं तर मासे मरतील. आणि मासा तर निर्जंतुक करताच येत नाही. कात्री उकळता येते, मासा उकळून परत टाकीत सोडता येत नाही. अमेरिकेतल्या दहापेक्षा जास्त राज्यांनी याच कारणावरून हा प्रकार बंद केला.

इथं मला नव्वदचं दशक आठवतं. एड्सची भीती नवी होती. तोपर्यंत आपण सगळे एकाच वस्तऱ्यानं दाढी करून घेत होतो, दगडावर घासला, स्पिरीट असलं तर लावलं, की पुढचा. मग हळूहळू गिऱ्हाईक विचारायला लागलं, "नवीन ब्लेड टाक रे." सलूनवाले कुरकुरले, ब्लेडचे पैसे कोण देणार म्हणाले. पण दोन-चार वर्षांत नगरातल्या पत्र्याच्या टपरीतला कारागीरसुद्धा गिऱ्हाइकासमोर ब्लेडचं पाकीट फोडायला लागला. कोणी मोर्चा काढला नव्हता. लोकांनी विचारलं म्हणून झालं. आज तीच माणसं, म्हणजे आपण, पन्नास अनोळखी पायांना लागलेला मासा स्वतःच्या भेगाळल्या टाचेला लावून घेतो आणि वर सेल्फी काढतो.

घाबरवायचं म्हणून लिहीत नाही. ब्रिटनच्या आरोग्य संरक्षण यंत्रणेनं २०११ साली यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात सरळ म्हटलं की धडधाकट माणसाला संसर्गाचा धोका फारच कमी आहे, पण शून्य नाही. मात्र मधुमेह, सोरायसिस किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी पाय घालू नयेत. त्याच वर्षी तिथल्या संशोधकांनी हीथ्रो विमानतळावर इंडोनेशियाहून आलेले हे मासे तपासले, तर त्यांच्यात माणसालाही आजारी पाडू शकणारे जंतू सापडले, आणि त्यातले काही तर नेहमीच्या अँटीबायोटिकला दाद न देणारे. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी एका तरुणीचा किस्सा छापला, फिश पेडिक्युअरनंतर काही महिन्यांनी तिची पायाची नखं सुटायला लागली. माशामुळेच झालं असं त्यातून सिद्ध होत नाही, डॉक्टरांना तो संशय आहे, इतकंच.

म्हणजे दहा जणांतल्या नऊ जणांना गुदगुल्यांपलीकडं काही होणार नाही. मला काळजी आहे ती दहाव्याची. आणि आपल्याकडं तो दहावा फार सापडतो हो. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात मधुमेहाचे १० कोटींच्या वर रुग्ण आहेत. जुन्या शुगरवाल्याचा पाय बधिर होतो. त्याला चावलेलं कळत नाही, टोचलेलं कळत नाही, चिखलकाट्यात झालेली जखम चार दिवसांनी वास यायला लागल्यावर कळते. ऊस तोडून, खुरपून, अनवाणी वावरून फुटलेल्या टाचा घेऊन यात्रेला आलेली बाई ही काही मुंबईच्या मॉलमधलं गिऱ्हाईक नाही. तिच्या टाचेतली भेग म्हणजे उघडं दारच. ज्यांनी घरात शुगरमुळं अंगठा, मग पंजा, मग गुडघ्याखालचा पाय जाताना बघितलाय, त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

आता कोणीतरी म्हणेल, आयुर्वेदात जळवा लावतात, ते चालतं का मग? या प्रश्नाची मी वाटच बघत होतो.

माझे चुलते, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पाथर्डीकडचे. पायाच्या शिरा फुगून घोट्याजवळ जखम झालेली, काळीनिळी, दोन वर्षं भरत नव्हती. सगळं करून झालं तेव्हा एका आयुर्वेद रुग्णालयात नेलं. जळू लावणार म्हणल्यावर अण्णा उठून चालले होते. "आरं, म्हशीला लागती ती मला लावता व्हय?" मीही तोंड वाकडंच केलं होतं. शिकलेल्या माणसाला जळू म्हणलं की अंधश्रद्धा आठवते आणि 'फिश स्पा' म्हणलं की मॉल आठवतो. नावाचा सगळा खेळ.

तिथं काय बघितलं ते सांगतो. आधी अण्णांचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन, शुगर, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, आणि एचआयव्ही, कावीळ वगैरे. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे तीनदा विचारलं. असती तर जळू लावलीच नसती. मग वैद्यबाईंनी बरणीतून जळू काढली, हळदीच्या पाण्यात सोडली. सुस्त पडलेली जळू तरतरीत झाली. जखमेच्या कडेला लावली, वर ओला कापूस ठेवला. अण्णांनी डोळे गच्च मिटलेले, पण म्हणाले, मुंगी चावल्यागत झालं फक्त. पाऊण तासात ती टरारून फुगली आणि आपोआप सुटून पडली. तिच्या लाळेत हिरुडिन नावाचं द्रव्य असतं, त्यानं रक्त गोठत नाही, म्हणून जळू सुटल्यावरही जखम बराच वेळ झिरपत राहते. त्यासाठी पट्टी बांधून अण्णांना बसवून ठेवलं. मग जळूला हळद लावून प्यायलेलं रक्त ओकायला लावलं, आणि वेगळ्या बरणीत टाकून बरणीवर चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर अण्णांचं नाव, तारीख.

ती चिठ्ठी माझ्या डोक्यातून जात नाही. त्या जळूला दुसऱ्या कोणाला लावायचंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात अण्णा गेले, तेव्हा त्यांची बरणी त्यांच्यासाठी ठेवलेली.

अण्णांची जखम चार-पाच वेळा लावल्यावर बरीच भरली. जळवेनंच भरली की रोजच्या पट्टीनं आणि पाय वर ठेवून झोपल्यानं, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. जळूही धुतल्या तांदळाची नाही. तिच्या पोटात एरोमोनास नावाचे जंतू असतात, त्यामुळं तुटलेलं बोट जोडल्यावर साठलेलं रक्त ओढून घ्यायला प्लास्टिक सर्जन जळू वापरतात तेव्हा सोबत अँटीबायोटिक देतात. हो, ॲलोपॅथीवालेही वापरतात. अमेरिकेच्या एफडीएनं २००४ साली जळूला वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली. जत्रेत, रस्त्याच्या कडेला कोणी जळू लावून देत असेल तर तिथूनही लांबच राहा.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तेरावा अध्याय खास जळूवर आहे. बारा प्रकारच्या जळवा, सहा विषारी, सहा बिनविषारी. लहान मूल, म्हातारं, अशक्त, भित्रं माणूस असेल तर रक्त काढायला जळूच बरी, असं तिथं सांगितलंय. पण पुढं बघा. जळू कुठल्या पाण्यातली, हे आधी बघायचं. सडक्या, घाण पाण्यात वाढलेली विषारी, कमळं असलेल्या स्वच्छ पाण्यातली चांगली. तिला नव्या मडक्यात ठेवायचं, दर तीन दिवसांनी पाणी आणि खाणं बदलायचं, सात दिवसांनी मडकंच बदलायचं.  सूक्ष्मदर्शक नव्हता, जंतू हा शब्द आजच्या अर्थानं नव्हता, तरी पाणी, खाणं आणि मडकं यांचा हिशोब लिहून ठेवला. आपल्या नगरात आयुर्वेदाचं महाविद्यालय १९१७ पासून आहे, गंगाधरशास्त्री गुणे यांनी काढलेलं. शंभर वर्षांपेक्षा जास्त काळ ज्या गावात ही विद्या शिकवली जाते, तिथं निळ्या लाईटच्या टाकीला कोणी 'पाणी कधी बदललं' एवढंही विचारत नाही.

जगात अजून काय काय चालतं. टोकियोत चेहऱ्यावर गोगलगायी फिरवतात, इंडोनेशियात अंगावर अजगर सोडून मसाज करतात. मधमाशी मुद्दाम चाववून घेण्याचं खूळ तर इकडंही व्हिडिओतून पसरतंय. स्पेनमध्ये ५५ वर्षांची एक बाई दोन वर्षं नियमित मधमाश्यांचे डंख घेत होती, काही त्रास नव्हता. एक दिवस त्याच डंखाची तीव्र ॲलर्जी झाली आणि ती गेली. २०१८ साली तिथल्या डॉक्टरांनी ही केस छापली. "मागच्या वेळी काही झालं नाही" या वाक्याला काही अर्थ नसतो, एवढ्यासाठी सांगितलं.

आणि त्या माशांचं काय? मासा पोट भरलेला असेल तर तुमची कातडी खात नाही. म्हणून त्याला उपाशी ठेवावं लागतं. मेळा दहा दिवस, रोज संध्याकाळी पाच ते अकरा, वर लाईट, बाजूला स्पीकर. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, असं म्हणतो. त्यात मासा येतो. पाळलेल्या प्राण्याला पुरेसं खायला न देणं कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. बैलाच्या शेपटीवरून, शर्यतीवरून आपण सुप्रीम कोर्टापर्यंत भांडलो. माशाला ओरडता येत नाही, त्यामुळं त्याचा विषय निघत नाही. मी स्वतः मासे खातो, तेव्हा फार साळसूदपणा करत नाही. पण ताटात घेणं वेगळं आणि गंमत म्हणून दहा दिवस उपाशी ठेवणं वेगळं.

मेळा उठला की हे मासे जातात कुठं? त्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, "पुढच्या गावाला, आणि जास्त झाले तर सोडून देतो पाण्यात." कुठल्या पाण्यात ते नाही सांगितलं. उजनीत आज जाळ्यात काय येतं ते भिगवणच्या बाजारात जाऊन बघा, चिलापीचेच ढीग. थाई मांगूर सरकारनं २००० साली बंदी घालूनही तळ्यात पाळला गेला आणि नंतर खड्डे खणून पुरावा लागला. बाहेरचा मासा एकदा ओढ्या-नदीत गेला की तो परत बोलावता येत नाही.

आता मुद्द्याचं. मेळ्यातल्या पाळण्याला तपासणीचा दाखला लागतो. भेळवाल्याला अन्न परवान्याची नोंदणी लागते. मंडपाला परवानगी, विजेला परवानगी, स्पीकरला परवानगी. टाकीला काय लागतं? मी तीन कार्यालयांत विचारलं. पहिल्यानं सांगितलं, हे सौंदर्यप्रसाधन नाही आणि औषधही नाही, आमच्याकडं येत नाही. दुसऱ्यानं सांगितलं, प्राण्यांचं आहे, पशुसंवर्धनला विचारा. तिसऱ्या ठिकाणी साहेब हसले आणि म्हणाले, "पत्रकार साहेब, पाईपलाईन रोडचे खड्डे सोडून माशांवर आलात?" चहा मात्र पाजला. खड्ड्यांवरही लिहितो साहेब, तुम्ही वाचत नाही.

बंदी घाला असं मी म्हणत नाही. बंदी घातली की तीच टाकी मागच्या गल्लीत जाईल. पण महापालिका मैदान भाड्यानं देते तेव्हा करारात चार अटी घालायला कुठला जीआर लागत नाही. म्हणून सोमवारी महापालिकेत अर्ज देतोय. त्यात एवढंच लिहिलंय: टाकीवाल्यानं माशाची जात आणि तो कुठून आणला याचं बिल दाखवावं. मधुमेह असलेल्यांनी, जखम किंवा भेगा असलेल्यांनी बसू नये, असा मराठीत मोठ्या अक्षरात फलक लावावा आणि बसवण्याआधी पाय बघावेत. फिल्टर आहे एवढ्यावर न थांबता पाणी कधी बदललं ते रोज वहीत लिहावं आणि आरोग्य विभागाच्या माणसानं मेळ्यात एकदा तरी येऊन ती वही बघावी. मेळा संपल्यावर मासे नाल्यात, नदीत, तळ्यात सोडणार नाही, असं लिहून द्यावं.

ज्यांना सही करायची आहे त्यांनी रविवारी संध्याकाळी सहा ते आठ प्रोफेसर कॉलनी चौकात भेटा, मी कागद घेऊन थांबतो. डॉक्टर, वैद्य मंडळींपैकी कोणी दोन ओळी जोडून देणार असेल तर फार बरं होईल. आणि कोणाच्या घरी अशा टाकीनंतर पायाला काही त्रास झाला असेल तर इथं उघड लिहायची गरज नाही, मेसेज करा, नाव येणार नाही.

आईची टाच आता बरी आहे. अर्जावर पहिली सही तिचीच घेतली. अर्जाची पोच मिळाली की फोटो इथंच टाकतो.